सात आणि आठमधली मेंदी

१

शनिवारी संध्याकाळी आवळीभोजनाहून भरल्या पोटानं परतलेली मंडळी सात नंबरच्या फाटकासमोर आली आणि थबकली ती थबकलीच. सात आणि आठ नंबरच्या बंगल्यांमधलं मेंदीचं कुंपण नाहीसं झालं होतं. सकाळी डोक्याच्याही वर गेलेलं, गारवेलीनं झाकलेलं ते हिरवंगार कुंपण जागेवर होतं. आता तिथे होती खुंटांची एक ओळ, आणि तिच्या दोन बाजूंना एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले दोन म्हातारे.

"अगं बाई! हे कुणी केलं?" असं कुणीतरी किंचाळलं, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले.

एरंडवण्यातली ही पुष्पवाटिका वसाहत ज्यानं पाहिली नाही त्याला एका कुंपणापायी एवढा गहजब कशाला, असं वाटेल. वाटू द्या. विलायतेतल्या उद्यानग्रामांची वर्णनं वाचून वेडावलेल्या काही मास्तरांनी आणि कारकुनांनी स्वातंत्र्याच्या आधी ही वसवली. भिंत बांधायची नाही, मेंदी लावायची. घर झाडाच्या वर न्यायचं नाही. पालापाचोळा जाळायचा नाही, खताच्या खड्ड्यात थर लावून पुरायचा. रविवारी सकाळी श्रमदान, त्याला जज्जसाहेबही खुरपं घेऊन हजर. बाहेर पुण्याचं काय वाट्टेल ते होवो, सन दोन हजार सात उजाडलं तरी वाटिकेत शिरलं की माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा. अशी जागा टिकवायला नुसता पैसा पुरत नाही, त्याला खाज लागते, आणि ती इथल्या माणसांना पिढ्यान् पिढ्या होती.

म्हणूनच सोमवारी महापालिकेची वारसा समिती पाहणीला येणार होती. शिक्कामोर्तब झालं की बिल्डरांची टांगती तलवार कायमची उतरणार होती.

"मुक्ताई, मी सोमवारी त्यांना काय दाखवू? खुंट?" सेक्रेटरी उत्कर्षानं विचारलं. ती आर्किटेक्ट, दोन वर्षं खपून तिनं हा प्रस्ताव उभा केला होता.

तीन नंबरच्या मुक्ताई हर्षे वाकून खुंट बघत होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात त्यांची हयात गेली होती. हजारो माणसांचं खरंखोटं कानातून गेल्यामुळे आवाजावरून माणूस ओळखायची त्यांना सवय जडली होती. मागे वाटिकेतला फुलचोर त्यांनी नुसत्या "गुड मॉर्निंग"वरून पकडला होता, तेव्हापासून अडलं की सगळे त्यांच्याकडे बघायचे.

इतक्यात मागून हाक आली, "सापडली! कात्री सापडली!"

श्रीधरपंत आगाशांच्या सात नंबरच्या आवारात मागे एक आउटहाउस होतं. त्याच्या जिन्याखाली वसाहतीची मोठी कात्री आणि करवत ठेवलेली होती. आणि त्या आउटहाउसच्या वरच्या खोलीत राहत होता पियुष ठाकरे, ज्यानं मागच्याच सभेत उभं राहून म्हटलं होतं, "हे कुंपण-बिंपण कशाला मेंटेन करून राहिले तुम्ही? सिमेंटची वॉल टाका, वन-टाइम इन्व्हेस्टमेंट."

२

उत्कर्षानं रविवारचं श्रमदान रद्द करून संध्याकाळी तातडीची सभा लावली. विषय एकच: आगाशांच्या भाडेकरूनं जागा सोडावी की नाही. तसं ठरलेलंच होतं म्हणा. सभा म्हणजे नुसती अक्षता टाकायची.

मुक्ताईंना ती घाई पटेना. रविवारी सकाळी चहा घेऊन त्या आउटहाउसवर गेल्या. दार पियुषच्या बायकोनं, नम्रतानं उघडलं. सातवा महिना चाललेला, डोळे रडून सुजलेले. आत अर्धं सामान बांधून झालेलं.

"काकू, वाघोलीला एक फ्लॅट पाहिला होता आम्ही," ती म्हणाली. "चौथा मजला, लिफ्ट अजून सुरू नाही. टँकरचं पाणी. इथं मी सकाळी त्या मधल्या बागेत चालते ना, तर बाळ पण शांत राहते. काल आवळीभोजनाला मला सगळ्यांनी किती आग्रह करून वाढलं! आणि आज कोणी बोलून नाही राहिलं माझ्याशी."

पियुष खराडीच्या कॉल सेंटरमधून पहाटे घरी यायचा आणि दिवसा झोपायचा. शनिवारी सगळी वाटिका मळ्यात गेली होती, तेव्हा तो एकटा घरी होता.

"कुंपण कापलं तेव्हा तू कुठे होतास रे?"

"झोपून होतो, काकू. कानात इअरफोन होते."

"तुझ्या खिडकीखाली करवत चालली, आणि तुला कळलं नाही?"

"नाही. मी काहीच नाही पाहिलं."

'ऐकलं नाही' असं तो म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती. मुक्ताईंनी विचारलं आवाजाचं, आणि यानं उत्तर दिलं बघण्याचं. त्यात म्हणताना आवाज एकदम सपाट झाला, घरी वाईट बातमी कळवताना ट्रंक कॉलवर माणसांचा व्हायचा तसा. मुक्ताईंनी त्याचे हात बघायला मागितले. तळवे मऊ, ना फोड ना ओरखडा. या हातांनी काल करवत धरली नव्हती हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. म्हणजे कुणी कापलं ते यानं पाहिलं होतं.

"अरे मग सांग की! बायकोकडे बघ जरा!"

पियुषनं नम्रताकडे बघितलं, तिनंही त्याच्याकडे बघितलं, आणि दोघांनी मिळून तोंड मिटलं.

घरावर पाणी सोडायला निघालेला पोरगा नक्की कुणाला वाचवतोय, या विचारानं मुक्ताईंचा चहा कपातच निवला.

३

तेवढ्यात फाटकाशी सर्जेराव उभे दिसले. वाटिकेच्या मागची सगळी जमीन एके काळी त्यांच्या घराण्याची. शेती गेली, पैसा आला, आणि सर्जेराव बिल्डर झाले. वाटिकेवर त्यांचा डोळा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शनिवारी दुपारी त्यांची गाडी फाटकाशी उभी होती, असं वॉचमननं सांगितलेलं.

"आलो हुतो की. नाय कशाला म्हनू?" सर्जेराव हसले. "उत्कर्षाबाईंना भेटायला. तर समदं गाव भोजनाला गेलेलं. फाटकावरनंच माघारी गेलो. अन् मुक्ताई, मला वाटिका पायजे तर मी कागदावर सही घीन, झुडपं कापीत बसंन व्हय? माझ्या आज्यानं ही जिमीन इकली ती बाग करायच्या बोलीवर. तेवढी लाज हाय आमाला."

आवाज खणखणीत होता. मुक्ताईंनी मान डोलावली आणि त्या खताच्या खड्ड्याकडे वळल्या. एवढ्या फांद्या गेल्या कुठे, हा प्रश्न रात्रीपासून त्यांना छळत होता.

खड्ड्यावरची माती बाजूला केली आणि त्यांना हसूच फुटलं. मेंदीच्या फांद्या वीतवीतभर तोडून नीट अंथरलेल्या. त्यावर मातीचा थर, पुन्हा फांद्या, पुन्हा माती. अगदी संस्थापकांच्या नियमाबरहुकूम. असला गुन्हेगार पुण्याबाहेर मिळणं कठीण! सर्जेरावांची माणसं असती तर त्यांनी फांद्या रस्त्यावर भिरकावल्या असत्या. आणि पियुषनं तर आजवर एकही श्रमदान जागेपणी पाहिलं नव्हतं. थर लावणारा हात वाटिकेत मुरलेला होता.

मग त्या कुंपणापाशी येऊन चक्क फतकल मारून बसल्या. प्रत्येक खुंटाच्या तोंडाला शेणमातीचा लेप होता, जखमेला हळद भरावी तसा. तोडणाऱ्याला मेंदी पुन्हा फुटायला हवी होती. आणि काप कसे? अर्ध्या कुंपणाचे खुंट घोट्याइतके, उरलेल्या अर्ध्याचे गुडघ्याइतके. जिथे घोटा संपून गुडघा सुरू व्हायचा, तिथे माणूस आडवा शिरेल एवढ्या जागेत एकही खुंट नव्हता. जमीन ताजी खणलेली, आणि तिच्यात झेंडूची रोपं. सात नंबरच्या बाजूलाही, आठ नंबरच्या बाजूलाही.

मुक्ताईंनी अंबाड्यातला आकडा काढून मातीत खुपसला. वरचा थर लोण्यासारखा मऊ, आणि खाली फरशी लागावी तसा आकडा अडला. पुन्हा खुपसला, पुन्हा अडला. नुसत्या पावसानं माती अशी घट्ट होत नाही. ती पायांनी होते, आणि त्यालाही वर्षं लागतात.

सात नंबर आणि आठ नंबरच्या मधून रोज कुणीतरी ये-जा करत होतं. आणि वाटिकेत असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

४

कारण सात नंबरचे श्रीधरपंत आगाशे आणि आठ नंबरचे बद्रीनाथ टिपणीस यांचं वैर ही वाटिकेची शान होती. पाहुणे आले की बागेआधी ते दाखवायचे! नियमात लिहिलेलं, 'कुंपण छातीइतकं असावं.' आता कुणाच्या छातीइतकं? श्रीधरपंत ताडमाड उंच, बद्रीनाथ त्यांच्या खांद्याला जेमतेम लागणारे. बाचाबाची झाली, वकील झाले, आणि मामला शिवाजीनगरच्या कोर्टात गेला तो बावीस वर्षं तिथेच होता. निकालापर्यंत शेंड्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरल्यामुळे ते कुंपण तेवढं उंच वाढलं. वाटिकेत आगाशे पक्ष आणि टिपणीस पक्ष पडले. एक येणार कळलं की दुसरा हटकून गैरहजर. कालच्या आवळीभोजनाला दोघांनी तेच केलं होतं, आणि त्यात नवल कुणालाच वाटलं नव्हतं.

'म्हणजे काल दोघंही घरीच होते की,' मुक्ताई स्वतःशी म्हणाल्या.

त्या आधी श्रीधरपंतांकडे गेल्या.

"हे काम टिपणिसांचं असेल का हो?"

"त्याचं?" पंतांनी नाक मुरडलं. "त्याला वाकता तरी येतं का! परवा बाथरूममध्ये घसरला, डावा गुडघा टम्म सुजलाय. तो काय करवत धरणार!"

"अस्सं? आणि तुम्हाला कसं कळलं? तुमचं तर बोलणं नाही."

श्रीधरपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लोक बोलतात," ते म्हणाले.

आठ नंबरमध्ये बद्रीनाथ खरंच लंगडत होते. एकटाच माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी मुक्ताईंना चहा केला, स्वतःच्या कपात तीन चमचे साखर घातली. ओट्यावर बिनसाखरेच्या गोळ्यांची डबी होती, अर्धी संपलेली.

"या गोळ्या कुणाच्या हो?"

"पाहुण्यांसाठी असतात."

"मधुमेहवाला पाहुणा रोज येतो वाटतं," मुक्ताई म्हणाल्या. "आणि तो झेंडूवरून येतो."

बद्रीनाथांनी कप बशीत ठेवला. मग त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून हळूच हाक मारली, "श्रीधर, ये रे. हिला कळलंय."

आणि पलीकडे कान देऊन उभा असलेला बावीस वर्षांचा हाडवैरी खुंटांवरून पाय उचलून टाकत आत आला आणि आपली नेहमीची असावी अशा खुर्चीवर बसला.

५

"माझी बायको गेली," बद्रीनाथ म्हणाले. "तेराव्यानंतर माणसं पांगली. सकाळी उठलो तर चहा कुणाला विचारायचा ते कळेना. बसलो होतो असाच मागच्या पायरीवर. तर हा कुंपणातून घुसला. अंगभर ओरखडे. हातात थर्मास. बोलला काहीच नाही. दोन कप ओतले."

"काय बोलणार?" श्रीधरपंत म्हणाले. "आमची केस चालू होती."

तेव्हापासून रोज पहाटे वाटिका उठायच्या आत हा चहा चालला होता. कोर्टात तारखाही चालल्या होत्या. वर उंच मेंदी, तिच्यावर गारवेल, बाहेरून काही दिसायचं नाही. पण समिती येणार म्हणून रविवारच्या श्रमदानात सगळ्या कुंपणांवरच्या वेली उतरवायचं उत्कर्षानं ठरवलं. वेली उतरल्या की भगदाड दिसणार, आणि इकडून तिकडे मळलेली वाटही. शनिवारी रान मोकळं मिळालं तसं त्यांनी दोन्ही टोकांकडून कापायला घेतलं.

"भगदाड लपवायला अख्खं कुंपण कापलंत! धन्य आहे बाई तुमची!" मुक्ताईंनी कपाळावर हात मारला. "आणि गुन्ह्यातसुद्धा उंचीवर एकमत नाही!"

"मेंदी घोट्यापाशीच तोडावी लागते," श्रीधरपंत म्हणाले.

"काही नाही, गुडघ्यापाशी. खाली तोडली की मरते."

"गप्प बसा दोघंही!" मुक्ताईंचा आवाज चढला. "आज सहा वाजता ते पोर घराबाहेर पडतंय. पोटुशी बायको घेऊन. तुमचा भाडेकरू आहे तो, पंत!"

दोघांच्या माना खाली गेल्या. "कात्री तिथे ठेवली ती माझी चूक," श्रीधरपंत पुटपुटले. "पण मुक्ताई, कसं सांगू? माझ्या बाजूनं लोकांनी सह्या केल्यात. त्याच्या बाजूनंही. आमच्यापायी चार घरांचं हळदीकुंकू बंद आहे. आता म्हणू की आम्ही रोज एकत्र चहा पितो? जोड्यानं मारतील. त्याला मी दुसरीकडे चांगली जागा बघून देतो."

"त्यानं तुम्हाला पाहिलंय."

"काय?"

"कालचं पाहिलंय, आणि पहाटेची गाडी त्याला रोज तुमच्या चहाच्या वेळीच सोडते, तेव्हा तेही पाहिलंय. एक शब्द त्याच्या तोंडून निघाला असता तर तो सुटला असता. नाही निघाला. सामान बांधतोय मुकाट्यानं."

मुक्ताई उठल्या आणि चहा तसाच टाकून निघून आल्या. यापुढचं त्यांच्या हातात नव्हतं, आणि त्यामुळे त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

६

सभा मधल्या बागेत भरली. पियुष आणि नम्रता मागे, कडेला. उत्कर्षानं ठराव वाचला. "कुणाची हरकत?"

श्रीधरपंत उठले. "कुंपण मी कापलं."

सभेतून एकच उसासा निघाला, आणि तो विरायच्या आत दुसऱ्या टोकाकडून बद्रीनाथ काठी टेकत उभे राहिले. "खोटं बोलतोय तो. अर्धंच त्यानं कापलंय. अर्धं मी. आणि तेही त्यानं चुकीचं कापलंय."

मग त्यांनी सांगितलं, सगळं. थर्मास, चहा, वाट, भीती. आळीपाळीनं आणि एकमेकांना दुरुस्त करत. वाटिका ऐकत राहिली. संपल्यावर टिपणीस पक्षाच्या एक आजी उठून म्हणाल्या, "मेल्यांनो, तुमच्यापायी मी आगाश्यांच्या माईच्या मयताला गेले नाही," आणि मटकन खाली बसून रडायला लागल्या. दोघांनी हात जोडले, आणि ते बराच वेळ जोडलेलेच राहिले.

उत्कर्षानं ठराव फाडला. "सोमवारी समितीला मी हे खुंट जसे आहेत तसे दाखवणार आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि वाट बुजवायची नाही. पाहणी काय नुसत्या झाडांचीच असते? माणसांनी कशी राखली तेही बघू दे त्यांना." टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण उठताना आगाशे पक्षातल्या एका गृहस्थांनी टिपणीस पक्षातल्या त्या आजींना हात दिला आणि त्यांना घरापर्यंत सोडायला गेले.

दोघे म्हातारे तडक आउटहाउसवर गेले, मुक्ताई मागोमाग. पियुष सामानाच्या दोऱ्या सोडत होता. सत्तरी उलटलेल्या दोन माणसांनी त्या सत्तावीस वर्षांच्या पोराची माफी मागितली. तो इतका अवघडला की त्याला बसा म्हणायचंही सुचेना.

"पण तू बोलला का नाहीस रे?" बद्रीनाथांनी विचारलं. "आम्ही तुझे कोण लागतो?"

पियुषनं दोरीला विनाकारण गाठ मारली, परत सोडली.

"माझे बाबा आणि काका," तो म्हणाला, "मूर्तिजापूरला एका अंगणात दोन घरं. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडले. मी दुसरीत होतो. मग बाबा गेले मागच्या वर्षी. काका दारात उभे राहिले, आत नाही आले. मी पण नाही बोलावलं त्यांना. मला राग होता." तो थांबला. "इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला पाहिलं. सगळे म्हणून राहिले की यांचं वैर आहे, आणि तुम्ही तर तिथं पायरीवर बसून बशीतला चहा फुंकून राहिले. मी रोज गाडीतून उतरून जिना चढलो की आधी वरून तिकडं पाहायचो, आले का दोघं. ते मी कसं मोडू? आणि वॉलचं तर मी मजाकमध्ये बोललो होतो."

नम्रता पदराआड रडत होती. श्रीधरपंत खाली बसून सामानाच्या दोऱ्या सोडायला लागले. बद्रीनाथांनी विचारलं, "काका आहेत?"

"आहेत."

"नंबर आहे?"

"आहे. लावला नाही कधी."

"मग लाव. आमच्यासारखं चोरून करू नकोस, फार महागात पडतं."

पियुषनं मोबाइल काढला. नाव शोधलं. बोट तिथेच अडून राहिलं, तेव्हा नम्रतानं पुढे होऊन हिरवं बटण दाबलं आणि स्पीकर लावला. घंटी वाजत राहिली. मग पलीकडे कुणीतरी उचलला, आणि "हॅलो, काका, मी पियुष," एवढंच तो कसाबसा म्हणाला.

पलीकडून श्वास ऐकू येत होता, शब्द येत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा जोडलेल्या मुक्ताईंनाही हे थांबणं सोसवेना. त्यांनी नम्रताचा हात घट्ट धरला.

मग एक थरथरता म्हातारा आवाज आला.

"जेवला का रे, बापू?"